मळाईच्या नावाचा रिफंड

मी नावं भाड्यानं लावून देते. पिंपळे गुरवमध्ये असं सांगितलं की समोरचा हटकून विचारतो, "वन आरके आहे का? डिपॉझिट किती?" खोल्या भाड्यानं लावून देणारे आमच्या गल्लीत ढीगभर आहेत. नावं भाड्यानं लावून देणारी मी एकटी, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत बसते. अंगावर आलेलं पीठ आणि अंगावर आलेलं गिऱ्हाईक, दोन्ही हसत झटकायची मला सवय आहे.

संपादकांनी "काहीतरी प्रेरणादायी लिहा" असं सांगितलंय. या लेखातून कुणाला प्रेरणा मिळालीच, तर तो अपघात समजावा.

आधी धंदा समजावून सांगते. भोसरी, चाकण, तळवडे इथल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांना मोठ्या कंपन्या विचारतात, "तुमची वेबसाइट आहे का? कंपनीच्या नावाचा मेल आहे का?" मग ते माझ्याकडं धावत येतात. वेबसाइटचा आणि मेलचा जो पत्ता असतो, त्यातलं नाव म्हणजे डोमेन. सगळ्यांना वाटतं, आपण ते विकत घेतलं. नाव विकत मिळत नाही, भाड्यानं मिळतं. भाडं घेणारं दुकान कुठल्या देशात आहे हे मलाही माहीत नाही, आणि त्या दुकानाला मी माहीत नाही. मुदत संपत आली की दुकान आठवणीचा मेल पाठवतं. तो कुणीही वाचत नाही. मग दुकान न विचारता, जपून ठेवलेल्या कार्डातून पुढचं भाडं कापून घेतं. याला ऑटो रिन्यूअल म्हणतात. म्हणजे तुम्ही घर बदललं तरी दूधवाला जुन्या दाराशी पिशवी ठेवत राहिला, आणि पैसेही तुमच्या खिशात हात घालून स्वतःच काढत राहिला, असा प्रकार.

पैसे कापल्यानंतर थोडे दिवस रिफंड मागता येतो. अट एकच. पैसे परत हवे असतील तर नाव परत द्यायचं. नाव परत दिलं की त्यावरची वेबसाइट आणि मेलचे पत्ते, सगळं एका दमात बंद. या नियमाचं पहिलं वाक्य गिऱ्हाईक पाठ करून येतं. दुसरं वाक्य माझ्या तोंडून ऐकतं, आणि मग जणू तो नियम मीच गिरणीत दळून आणला अशा नजरेनं माझ्याकडं बघतं.

माझ्याकडं एक भावी नगरसेवक होते. आमच्याकडं चौकाचौकातल्या फ्लेक्सवर भावी नगरसेवक असतात, त्यांतलेच एक. त्यांनी स्वतःच्या नावाची वेबसाइट केली, आणि वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. वर भाडंही कापलं गेलं. साहेब तणतणत आले. "ताई, वापरलंच न्हाई ओ! एकदम कोरं हाय. घ्या की माघारी." मी नियम सांगितला. जरा विचार करून म्हणाले, "मग त्यात बायकोचं नाव टाकून द्या. आडनाव तर त्येच हाय, निम्मे पैसे वाचतील." दुसऱ्या एक बाई मुलाच्या लग्नाच्या वेबसाइटचा रिफंड मागायला आल्या होत्या. फोटो, आहेराची माहिती, हॉलचा नकाशा असं सगळं तिच्यावर होतं. म्हणाल्या, "लग्न टिकलं नाही, तुम्ही वेबसाइट कशाला टिकवता?" त्यांना कर कापून रिफंड मिळाला.

पण मला सांगायची आहे ती मळाईची गोष्ट.

दोघं भाऊ. थोरले तानाजी, धाकटे बाळासाहेब. गाव चऱ्होली. शेतात फ्लॅट उगवले तेव्हा भावकीतल्या बाकीच्यांनी मोठाल्या गाड्या घेतल्या. या दोघांनी चाकणला शेड टाकली आणि दोन सीएनसी मशिनी घेतल्या. सीएनसी म्हणजे संगणकाच्या हुकमावर लोखंड कातणारं यंत्र. त्यावर हे बुश बनवतात. बुश म्हणजे गाडीच्या पोटात जाणारी जाड लोखंडी बांगडी समजा. गावदेवीवरून फर्मचं नाव मळाई. (खरं नाव वेगळं आहे. ते सांगितलं तर दोघंही माझ्या जिन्यात उभे राहतील, एक वरच्या पायरीवर, एक खालच्या.)

नाव मीच लावून दिलं होतं. तानाजी कार्डाला हात लावत नाहीत. "त्यात पैसं दिसत न्हाईत," म्हणतात. म्हणून भाडं बाळासाहेबांच्या कार्डातून जायचं. मेल मात्र तानाजी बघायचे, कारण कंपनीच्या साहेबांशी गोड बोलणं हे खातं त्यांचं. बाळासाहेबांचं गोड बोलणंही दम दिल्यासारखं ऐकू येतं.

पुढं दोघांचं बिनसलं. कशावरून, ते मला दोघांनीही सांगितलं. दोन्ही कारणं वेगळी होती आणि दोन्ही खरी वाटली. वाटणी झाली. वाटणीला त्यांचे मामा बसले आणि घरच्या जुन्या रीतीनं काम केलं. थोरल्यानं दोन वाटे करायचे, धाकट्यानं त्यातला हवा तो आधी उचलायचा. थोरल्यानं लबाडी करून एक वाटा बारका केला, तर तोच त्याच्या गळ्यात पडणार. एवढी साधी आणि एवढी बेरकी रीत मी दुसरी पाहिली नाही.

एकेक मशीन दोघांना. टेम्पो एकाला, ड्रिल आणि वजनकाटा दुसऱ्याला. शेडच्या मधून पत्र्याची भिंत. मागच्या बाजूचा कंप्रेसर तेवढा सामाईक राहिला, कारण हवेच्या दाबाशिवाय दोन्ही मशिनी चालत नाहीत आणि कंप्रेसर मधोमध चिरता येत नाही. त्याच्या दोन नळ्या दोन बाजूंना गेल्या. नाव मात्र कुणाच्या लक्षातच आलं नाही. झाडू मोजले, स्टुलं मोजली, चहाचे ग्लास मोजले. नाव दिसत नव्हतं, म्हणून राहून गेलं.

वर्षभरानं बाळासाहेब माझा जिना चढून आले. हातातला फोन त्यांनी माझ्या नाकासमोर धरला.

"ताई, ह्ये बगा दरोडा."

दुकानानं मळाईचं भाडं कापलं होतं. तेही एकदम पाच वर्षांचं, वर सुरक्षाकवच म्हणून काहीतरी जोडलेलं.

"माझ्या वाट्याला न आलेल्या वस्तूचं भाडं मी भरू व्हय?"

"नका भरू. दादांकडून घ्या."

"कोण दादा?"

"तानाजीदादा."

बाळासाहेब खिडकीबाहेर बघायला लागले. "समोरच्या पार्टीचा एक रुपाया मला नको. उद्या गाव म्हनंल, बाळानं भावाला मळाईचं नाव इकलं. मला दुकानाकडनं पायजेत. पैशाचा प्रश्नच न्हाई, ताई."

माझा अनुभव असा की 'पैशाचा प्रश्न नाही' हे गिऱ्हाईक म्हणालं की ते खरं असतं. म्हणून तर तो सुटत नाही. मी त्यांना नियमाचं दुसरं वाक्य ऐकवलं. नाव जाईल, त्यावरचे मेल जातील.

"जाऊ द्या की. मी कुठं बगतो मेल?"

मी चाकणला गेले. तानाजी गोणपाटावर बसून बुश पुसत होते. मी सगळं सांगितल्यावर त्यांच्या हातातलं फडकं थांबलं.

"ताई, माझ्याकडं कंपनी एकच. तिचं शेड्यूल त्याच पत्त्यावर येतं."

शेड्यूल म्हणजे कोणत्या दिवशी किती माल पाठवायचा याचा कंपनीचा हुकूम. तो दर आठवड्याला मेलवर येतो. मेल परत गेला की कंपनी समजते, हा गाळा बंद पडला. शिवाय नव्या बुशचा नमुना तपासणीला गेलेला होता. पास झाला तर चार वर्षांचं काम मिळणार होतं, आणि ते कळवणारा मेल त्याच पत्त्यावर यायचा होता.

"पत्ता बदलून घ्या ना कंपनीत," मी म्हटलं.

"साहेब इचारणार, का बदलला? काय सांगू? भाऊ फुटला म्हनून? त्या दिवशी पार्ट दुसऱ्याच्या दारात जाईल."

"मग बाळासाहेबांना पैसे देऊन टाका आणि विषय संपवा."

"मळाईच्या नावाचं पैसं मी त्याला मोजू? मळाई दोघांची आई. आई धाकट्याच्या कार्डात बसली म्हनून थोरल्यानं तिचं भाडं भरायचं व्हय?"

पत्र्यापलीकडची ठोकाठोक थांबली. आवाज आला, "ताई, त्यास्नी सांगा, शुक्रवारी मुदत संपतीया. त्याच्या आत नाव डिलीट."

"ताई, त्याला सांगा, ऐकू आलं."

"ताई, त्यास्नी सांगा, मी तुमच्याशी बोलतोय."

"ताई, त्याला सांगा, मग हळू बोल."

दोघांच्या मध्ये अडीच हातांचं अंतर आणि एक पातळ पत्रा. मी खो-खोच्या खांबासारखी टोकाशी उभी.

खोलीवर परत आले आणि दुकानाशी भिडले. दुकानाच्या दारात रोबोट असतो. हा बाईच्या आवाजात लिहितो आणि त्याचं नाव मैत्री. मी लिहिलं, रिफंड पाहिजे. मैत्री म्हणाली, "समजलं! आपल्याला आणखी तीन नावं सवलतीत हवी आहेत का?" इथं नवखी माणसं भांडतात. रोबोटशी भांडायचं नसतं. 'माणूस' हा एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहीत राहायचं. रोबोट कंटाळत नाही, पण शेवटी शरण येतो.

माणूस आला. हिंदीत बोलणारा कोवळा आवाज, नाव सांगितलं रॉनी. नावाच्या दुकानात स्वतःचं नाव खरं सांगायची पद्धत नसावी. माझ्याकडं अशा प्रसंगांसाठी तीन आवाज आहेत. एक गरीब बिचारीचा, एक हिशेब तपासणाऱ्या बाईचा आणि एक शाळेतल्या बाईंचा. तिसऱ्या आवाजाला ही मुलं फार भितात.

"रॉनी बेटा, पाँच साल किसने माँगे थे?"

रॉनी अडखळला.

"मॅडम, वो सिस्टम..."

"सिस्टम को फोन दो."

सिस्टमऐवजी सुपरवायझर आला. त्यानंतर दुसरा सुपरवायझर आला. मी तिन्ही आवाज वापरले, मध्ये एक हुंदकाही घातला. तो चांगला साधला होता, खालचा गिरणीवाला जिन्यात येऊन "काय झालं?" विचारून गेला. आणि मंजूर झालं! पाच वर्षांचं भाडं, सुरक्षाकवच, कर, सगळं परत. माझ्या आख्ख्या धंद्यातला पहिला पूर्ण रिफंड. अट जुनीच. शुक्रवारी रॉनी फोन करणार, ज्याच्या कार्डातून पैसे गेले त्यानं स्वतःच्या तोंडानं 'हाँ' म्हणायचं, आणि नाव त्याच क्षणी जाणार.

मी आनंदानं जोरात टाळी वाजवली. मग ते हात कुठं ठेवावेत ते कळेना. मी इतकं सुंदर काम केलं होतं की त्यानं तानाजींचं काम बंद पडणार होतं.

मी मामांना फोन लावला. आवाज चौथाच, म्हणजे भोळसट.

"मामा, तुमची वाटणी अर्धवट राहिलीय म्हणे. दोन वस्तू वाटायच्या राहिल्यात."

"कोन म्हनतं? म्या केल्याली वाटणी हाय ती!"

शुक्रवारी सकाळी मामा चाकणला हजर. टोपी कडक, चेहरा त्याहून कडक. जुन्या घरांमध्ये 'वाटणी अर्धवट आहे' असं म्हटलं की माणसं हातातलं काम टाकून येतात, मग ती एकमेकांची तोंडं बघत असोत वा नसोत. दोघं भाऊ शेडबाहेर आले आणि कंप्रेसरपाशी एकमेकांकडं पाठ करून उभे राहिले. मी सांगितलं, कंप्रेसर सामाईक आणि नावही सामाईक, दोन्ही आज वाटा.

"कंप्रेसर दिसतोय. नाव कुठंय?" मामा म्हणाले. "खाली ठेवा. जे दिसत न्हाई ते वाटता येत न्हाई."

झाली का पंचाईत! शेवटी तानाजी बाळासाहेबांच्या बाजूला गेले, वर्षभरात पहिल्यांदाच. तिथं लोखंडाच्या चुऱ्याच्या पिंपावर झाकण म्हणून फर्मची जुनी पाटी पालथी ठेवली होती. ती त्यांनी उचलली, बाहीनं पुसली आणि आणून मातीत मांडली. मळाई इंजिनिअरिंग, पिवळ्यावर लाल.

तेवढ्यात माझा फोन वाजला. रॉनी. मी स्पीकर चालू केला.

"मॅडम, सर का कन्फर्मेशन चाहिए था."

"रुको बेटा. यहाँ बँटवारा चल रहा है."

"मॅडम, होल्ड पे ज़्यादा नहीं रख सकता. मेरा टाइमिंग खराब होता है." मग जरा थांबून, "किस चीज़ का बँटवारा?"

"जिस नाम को तुम डिलीट करोगे, उसका."

"...मैं लाइन पे हूँ, मॅडम."

मामांनी खूण केली. थोरल्यानं वाटे करायचे. तानाजींनी पाटीकडं बघितलं, कंप्रेसरकडं बघितलं. खिशातून कंप्रेसरची चावी काढली आणि पाटीपासून हातभर लांब, तशीच मातीत ठेवली.

"झालं वाटं."

मामांची टोपी हलली. "तान्या, शुद्धीवर हायेस का? हिकडं पत्र्याचा तुकडा, तिकडं आख्खा कंप्रेसर? पाटीसंगं काय तरी रोख ठेव. बरोबरी कर."

"बरोबरच हाय."

तानाजींचा हिशेब शेंबड्या पोरालाही कळला असता. बाळासाहेब डोळे मिटून चावी उचलणार. तानाजी कर्ज काढून दुसरा कंप्रेसर आणणार, पण नाव राहील, मेल राहील, कंपनी राहील. त्यांनी उघड्यावर सांगून टाकलं होतं की या नावावर माझं काय काय टांगलेलं आहे. आणि पहिला हात धाकट्याचा होता.

बाळासाहेब वळले. चावी बघितली. पाटी बघितली. नंतर बराच वेळ भावाकडं बघितलं. खाली वाकले आणि पाटी उचलली.

फोनमधून तेवढा रॉनीचा आवाज, "क्या लिया? मॅडम, सर ने क्या लिया?"

नंतर मी बाळासाहेबांना विचारलं, असं का केलंत? म्हणाले, "इतकी वर्सं त्यांच्यासंगं धंदा केला, ताई. त्यांनी जिच्यासमोर कंप्रेसर ठेवला, ती वस्तू सवंग असंल व्हय?"

तानाजी कंप्रेसरच्या कडेला टेकले. वर्षभरात पहिल्यांदाच ते 'ताई, त्याला सांगा' न म्हणता बोलले.

"कर डिलीट. तुजं हाय आता."

"करीन न्हाई तर ठेवीन. माझ्या मशीनची हवा आता तुमच्या हातात हाय. तुमी कॉक फिरवला की बगतो मेलाकडं."

"मी कशाला कॉक फिरवू?"

"का न्हाई फिरवनार?"

"तुजी मशीन थांबली की माझ्या बाजूला मसणवट्यावानी वाटतं. मागं लाईट गेली तवा बगितलंय मी."

बाळासाहेबांनी पाटी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "मग मी तरी कशाला मेल बंद करू?"

"आरं, मग एवढ्या उन्हात मला कशाला आणला?" मामा ओरडले.

रॉनीला आता राहवेना. त्यानं दुकानाचा छापील आवाज लावला. "सर, कन्फर्म कीजिए. ये नाम हमेशा के लिए डिलीट कर दूँ? हाँ या ना?"

"ना!"

दोघंही. एकदम. कंप्रेसर सुरू झाल्यासारखा आवाज झाला.

"आप दोनों में से अकाउंट होल्डर कौन है?" रॉनीनं विचारलं. बाळासाहेबांनी फोन हिसकावून घेतला आणि आपल्या गोड आवाजात सांगितलं, "मी हाय. नाम को हात मत लगाव!"

असा माझा पहिला पूर्ण रिफंड, मंजूर झालेला, हुंदक्यासकट मिळवलेला, गिऱ्हाइकानं माझ्या डोळ्यांदेखत नाकारला. या दुःखातून मी अजून बाहेर आलेले नाही. रॉनीनं जाता जाता सुरक्षाकवचाचे पैसे तेवढे परत केले. "वो वैसे भी कोई इस्तेमाल नहीं करता, मॅडम," हळूच म्हणाला. संध्याकाळी दुकानाचा मेल आला. रिफंडची विनंती आपण मागं का घेतली? कारण निवडा: किंमत पटली, चुकून विनंती केली, इतर. मी 'इतर' निवडलं. त्याखाली सविस्तर लिहायला चौकट होती, पण तिच्यात दोन ओळींपेक्षा जास्त मावत नव्हतं, म्हणून ते संपादकांच्या गळ्यात मारलंय.

शेडमधला पत्रा काढून टाकला असेल असं समजून कुणी रुमाल काढू नये. पत्रा आहे. पाटी बाळासाहेबांच्या दारावर लागली आहे, चावी तानाजींच्या खिशात आहे, आणि दोघंही एकमेकांच्या घरचा चहा पीत नाहीत. दोनेक आठवड्यांनी मी माझं बिल घ्यायला गेले तेव्हा तानाजी फोन डोळ्यांपासून लांब धरून मेल वाचत होते. दोनदा वाचला. मग पत्र्याकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "ताई, त्याला सांगा, नवा पार्ट पास झाला."

मी तोंड उघडायच्या आत पलीकडची मशीन थांबली.

"किती पीस?"